पाण्यातून हायड्रोजन आणि स्वस्त उत्प्रेरक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी, शाळांमधले शिक्षक, छोटे उद्योजक आणि शेतात सौर पॅनेल बसवलेले काही शेतकरी हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबात 'युनिट' म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास.

१. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघतोच. मग उत्प्रेरक लागतो कशाला?

निघतो, पण वीज जास्त खाऊन. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात एवढ्या व्होल्टेजवर जवळजवळ काहीच घडत नाही. रेणू इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर येतो, त्याचे बंध तुटतात, मधले तुकडे तिथे काही काळ चिकटतात, मग वायूचा नवा रेणू बनून सुटतो. यातल्या प्रत्येक पायरीला अडथळा असतो आणि तो ओलांडायला जादा व्होल्टेज द्यावं लागतं. ते जादा व्होल्टेज शेवटी उष्णता होऊन वाया जातं. पृष्ठभागावर योग्य पदार्थ असला की अडथळा कमी होतो. तो पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.

दोन्ही इलेक्ट्रोडचं काम सारखं अवघड नसतं. ऋणाग्रावर हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. धनाग्रावर ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार लागतात आणि मधल्या पायऱ्याही जास्त असतात. त्यामुळे आपल्याला हवा असतो हायड्रोजन, पण सगळ्यात जास्त वीज वाया जाते ती ऑक्सिजनच्या बाजूला. बहुतेकांना याचं आश्चर्य वाटतं. उत्प्रेरकांवरचं अर्ध्याहून जास्त डोकं या दुसऱ्या बाजूवरच खर्च होतं.

२. एक किलो हायड्रोजनला वीज किती लागते? चांगल्या उत्प्रेरकाने त्यातली किती वाचते?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. फॅराडेच्या नियमानुसार एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६.६ हजार अँपिअर-तास विद्युतभार लागतो. उत्प्रेरक कोणताही असो, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते फक्त व्होल्टेज. म्हणून घटावर जितके व्होल्ट, त्याला २६.६ ने गुणलं की किलोमागे युनिट मिळतात.

१.४८ व्होल्टला ३९.४ युनिट होतात. बाहेरून उष्णता न देता यापेक्षा खाली जाता येत नाही. १.९ व्होल्टला साधारण ५०.५ युनिट. पंप, वायू वाळवण्याची यंत्रणा, एसी-डीसी रूपांतर यांचा वाटा धरला की आजचे इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी तोडणारे संच, किलोमागे ५० ते ५५ युनिट घेतात.

आता उत्प्रेरकाकडे या. त्याने व्होल्टेज ०.१ ने उतरवलं, तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. पाच रुपये युनिट धरलं तर तेरा रुपयांच्या आसपास. एकट्या विजेचा खर्च अडीचशे रुपये असताना तेरा रुपये किरकोळ वाटतील. पण वर्षाला हजार टन हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्यात ते सव्वा कोटीच्या वर जातात, आणि दर वर्षी. उलटही तितकंच खरं. धातू स्वस्त मिळाला म्हणून ०.१ व्होल्ट जास्त मोजावं लागत असेल, तर तो उत्प्रेरक महाग आहे. स्वस्त-महाग ठरवायचं ते किलोभर हायड्रोजनच्या हिशेबात, आणि तेही संचाचं पूर्ण आयुष्य धरून. खालची सगळी उत्तरं याच मोजमापाने दिली आहेत.

३. प्लॅटिनम आणि इरिडियम यांचंच नाव का येतं?

चांगल्या उत्प्रेरकाची पकड बेताची लागते. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागाला फार घट्ट चिकटला तर सुटत नाही, फार सैल असला तर थांबतच नाही. हे तत्त्व फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल सबातिए यांच्या नावाने ओळखलं जातं. निरनिराळ्या धातूंची पकड आणि त्यांचा वेग आलेखावर मांडला की डोंगरासारखा आकार दिसतो आणि प्लॅटिनम त्याच्या शिखराजवळ असतं.

इरिडियमचं कारण वेगळं आहे. पीईएम या प्रकारच्या संचात दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये आम्लधर्मी पटल असतं. धनाग्रावर तीव्र आम्ल आणि उच्च व्होल्टेज दोन्ही एकत्र. तिथे बहुतेक धातू विरघळून जातात. इरिडियमचं ऑक्साईड टिकतं. रुथेनियमचं ऑक्साईड त्याच्याहून चपळ आहे, पण ते लवकर झिजतं. म्हणजे इरिडियमची निवड वेगापेक्षा टिकाऊपणामुळे झाली आहे.

४. इरिडियम महाग आहे, हीच मुख्य अडचण ना?

महाग आहेच. गेल्या काही वर्षांत ग्रॅमला दहा हजार रुपयांच्या वर त्याचा भाव राहिला आहे. पण खरी अडचण पुरवठ्याची आहे. जगात वर्षाला साधारण सात-आठ टन इरिडियम निघतं, त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही प्लॅटिनमच्या खाणकामातलं उपउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून फक्त इरिडियमसाठी कोणी नवी खाण खोदत नाही.

प्रचलित पीईएम संचात एका मेगावॅटला अंदाजे अर्धा किलो इरिडियम लागतं. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हे आहे. त्याला सुमारे २६० अब्ज युनिट वीज लागेल. संच वर्षातला निम्मा वेळ चालले असं धरलं तर जवळपास ६० गिगावॅट क्षमता हवी. ती सगळी पीईएमने उभी करायची तर ३० टन इरिडियम लागेल. म्हणजे साऱ्या जगाचं चार वर्षांचं उत्पादन एकट्या भारतासाठी. हे होणारं नाही. त्यामुळे दर मेगावॅटचं इरिडियम दहा पटींनी कमी करायचं, किंवा ते लागतच नाही अशा वाटेने जायचं.

५. मग इरिडियम न लागणारी वाट आहे का?

आहे, आणि जुनी आहे. अल्कली इलेक्ट्रोलायझर. यात पाण्यात २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईड असतं, तापमान ७० ते ९० अंश, आणि इलेक्ट्रोड निकेलचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे. अल्कलीत निकेल स्वतःवर संरक्षक थर धरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. किलोला साधारण दीड हजार रुपयांचा हा धातू.

नॉर्वेत र्‍यूकान इथे जलविद्युतीवर असे संच १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत होते. आपल्याकडे पंजाबात नांगल इथे, भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून त्यापासून खत बनवायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रारंभ झाला होता. देशातलं पहिलं जड पाणी संयंत्रही १९६२ मध्ये त्याच आवारात सुरू झालं. आपण हरित हायड्रोजनला, म्हणजे अपारंपरिक विजेवर काढलेल्या हायड्रोजनला, नवलाईची गोष्ट समजतो, पण आपल्या मागच्या पिढ्यांनी तो टनांनी काढला आहे. नैसर्गिक वायू आणि नाफ्त्यापासून हायड्रोजन स्वस्त पडू लागला आणि ही वाट मागे पडली. उत्प्रेरक नव्हता म्हणून नव्हे.

६. अल्कली संच इतके चांगले असतील तर लोक पीईएमच्या मागे का लागतात?

प्रवाहाची घनता आणि चपळाई या दोन गोष्टींमुळे. जुने अल्कली संच इलेक्ट्रोडच्या चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.४ अँपिअर घेतात, पीईएम संच एक-दोन अँपिअर सहज घेतात. तेवढ्याच हायड्रोजनला संच लहान लागतो. शिवाय ढग आला, वारा पडला की वीज खालीवर होते. ते पीईएम चटकन पेलतं. अल्कली संच फार कमी भारावर चालवला तर मधल्या सच्छिद्र पडद्यातून (डायफ्राममधून) हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो आणि त्याचं प्रमाण स्फोटक मर्यादेकडे जाऊ लागतं, म्हणून संच बंद करावा लागतो.

एईएम नावाचा तिसरा प्रकार दोन्हींचे गुण एकत्र आणू पाहतो. त्यात पटल असतं, पण ते अल्कलीधर्मी असतं. निकेल-लोहासारखे स्वस्त उत्प्रेरक चालतात आणि संच आटोपशीर राहतो. अडचण पटलाच्या आयुष्याची आहे. माझ्या मते भारतासारख्या देशाने सर्वांत जास्त पैसा आणि तरुण संशोधक इथे लावायला हवेत, कारण यातला कुठलाही कच्चा माल दुर्मीळ नाही.

७. निकेलमध्ये लोखंड मिसळल्याने एवढा फरक कसा पडतो?

या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांमध्ये दिसायचं की निकेल हायड्रॉक्साईडचा इलेक्ट्रोड अल्कलीत ठेवला की काही काळाने तो ऑक्सिजन जास्त चांगला काढतो. लोकांनी श्रेय निकेलच्या बदलत्या रचनेला दिलं. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की अत्यल्प लोहसुद्धा निकेलचा वेग खूप वाढवतं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठात शॅनन बॉटचर यांच्या गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साईडमधलं लोह कसोशीने काढून टाकलं आणि तोच प्रयोग केला. निकेलची कर्तबगारी नाहीशी झाली. बाटलीतल्या रसायनात अशुद्धी म्हणून असलेलं लोह आपोआप निकेलच्या थरांत शिरत होतं आणि काम तेच करून घेत होतं.

आज निकेल-लोहाचं थरदार हायड्रॉक्साईड हा अल्कलीतला ऑक्सिजनसाठीचा उत्तम स्वस्त उत्प्रेरक मानला जातो. लोहाचे अणूच मुख्य काम करतात की निकेल-लोहाची जोडी मिळून करते, यावर अजून वाद चालू आहे. व्यवहारातली अडचण अशी की लोह हळूहळू द्रावणात सुटत राहतं, त्यामुळे द्रावणात थोडं लोह मुद्दाम राखावं लागतं. पण तेच लोह ऋणाग्रावर जाऊन बसू शकतं.

८. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमऐवजी काय चालतं?

अल्कलीत रॅनी निकेल. निकेल-ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूतून ॲल्युमिनिअम विरघळवून काढलं की उरतं ते सच्छिद्र निकेल. निकेल-मॉलिब्डेनमही उत्तम.

आम्लात मॉलिब्डेनम डायसल्फाईडची कथा ऐकण्याजोगी आहे. गॅरेजमध्ये 'मोली ग्रीस' म्हणतात ना, त्यातलं काळं वंगण तेच. तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढायलाही याच कुटुंबातले उत्प्रेरक वापरतात. याचा सपाट पृष्ठभाग हायड्रोजनसाठी निरुपयोगी समजला जायचा. २००५ मध्ये डेन्मार्कमधल्या गणितांनी सुचवलं की थरांच्या कडांवरच्या गंधकाची पकड प्लॅटिनमच्या जवळ जाते. ही कल्पना निसर्गातल्या नायट्रोजिनेज या विकरावरून (एन्झाइमवरून) सुचली होती. २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं की वेग कडांच्या लांबीवर ठरतो, क्षेत्रफळावर नाही. २०१३ पासून निकेल फॉस्फाईडही या यादीत आलं.

तरीही पीईएममधलं प्लॅटिनम हटवण्याची घाई मला पटत नाही. तिथे ते फार थोडं लागतं, फार टिकतं आणि त्याचं उत्पादन इरिडियमच्या कितीतरी पट आहे. कोंडी धनाग्रावर आहे.

९. आम्लात, धनाग्रावर, इरिडियमला पर्याय अजून का सापडत नाही?

तिथे वेग आणि टिकाऊपणा एकमेकांच्या विरोधात जातात. ऑक्सिजन निघताना पृष्ठभागावरचे धातूचे अणू स्वतः उच्च ऑक्सिडीकृत अवस्थेत जातात आणि त्या अवस्थेत आम्लात सहज विरघळतात. जो पृष्ठभाग जास्त चपळ, तो सहसा जास्त झिजतो.

प्रयत्न थांबलेले नाहीत. २०२४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेच्या गटाने मँगनीज ऑक्साईड हजार तास चालवून दाखवलं. त्याच वर्षी स्पेनमधल्या आयसीएफओ संस्थेच्या गटाने कोबाल्ट टंगस्टेटपासून केलेल्या उत्प्रेरकावर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर प्रवाह सहाशे तासांहून जास्त टिकवला. ही मोठी मजल आहे, कारण त्याआधी असे पर्याय इतक्या प्रवाहावर फार काळ तग धरत नसत. पण एका वर्षात ८,७६० तास असतात आणि कारखाना साठ-ऐंशी हजार तासांची अपेक्षा ठेवतो.

१०. झाडं मँगनीजवर पाणी तोडतात. मग आपल्याला का जमत नाही?

झाडांच्या प्रकाशसंश्लेषणात पाणी तोडणारं केंद्र चार मँगनीज आणि एका कॅल्शिअमचं असतं, हे खरं. त्याची अणूंपर्यंतची रचना २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उलगडली. पण झाडाचा उत्प्रेरक टिकाऊ नाही. त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन कडक उन्हात अर्ध्या तासाच्या आसपास खराब होतं आणि झाड ते बदलून टाकतं. स्वतःची दुरुस्ती करणारा उत्प्रेरक बनवता आला तर आपलाही प्रश्न सुटेल. एमआयटीमध्ये डॅनियल नोसेरा आणि मॅथ्यू कॅनन यांचा २००८ चा कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरक याच दिशेचा. विरघळलेलं कोबाल्ट तो द्रावणातून पुन्हा पृष्ठभागावर बसवतो. मात्र मोठ्या प्रवाहावर अल्कलीतलं निकेल-लोह (प्रश्न ७) त्याच्या पुढे जातं.

११. कोकणाला समुद्रकिनारा आहे. खारं पाणीच थेट का वापरू नये?

खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनच्या जोडीला, किंवा त्याऐवजी, क्लोरीन निघतो. त्याला दोनच इलेक्ट्रॉन लागत असल्याने तो वेगाने निघतो. शिवाय मॅग्नेशिअम-कॅल्शिअमचे थर ऋणाग्रावर साचतात. तीव्र अल्कलीत क्लोरीनचं व्होल्टेज ऑक्सिजनच्या वर सुमारे ०.४८ व्होल्टवर राहतं, त्यामुळे चांगल्या उत्प्रेरकाने तो टाळता येतो. संशोधन म्हणून विषय चांगला आहे.

पैशाच्या हिशेबात मात्र त्याची गरज दिसत नाही. एक किलो हायड्रोजनला ९ किलो पाणी लागतं, शुद्धीकरणातला तोटा धरून २० लिटर म्हणा. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला तीन-चार युनिट लागतात. म्हणजे २० लिटरला ०.०८ युनिट. पन्नास युनिटांपुढे हा खर्च दिसतही नाही. आधी पाणी गोडं करा, मग साध्या संचात घाला.

१२. वीज मध्ये न आणता उन्हाने थेट पाणी तोडणारी पावडर असते म्हणे?

असते. प्रकाशाने पाणी तोडता येतं हे १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनिअम डायऑक्साईडच्या इलेक्ट्रोडवर दाखवलं. २०२१ मध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटर पॅनेलवर उघड्यावर हायड्रोजन काढला, सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के. सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर जोडले तर उन्हातल्या ऊर्जेचा १३-१४ टक्के भाग हायड्रोजनमध्ये उतरतो. पुढच्या पिढीसाठी काम करत राहावं, आज शेतात लावायला ते नाही.

१३. गाडीला 'एचएचओ किट' लावलं तर पाण्यावर मायलेज वाढतं का?

नाही. हे किट गाडीतच पाणी तोडून निघालेला वायू इंजिनात सोडतं. किटला लागणारी वीज गाडीच्या अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटरला ताकद इंजिनातून, इंजिनाला पेट्रोलमधून. प्रत्येक टप्प्यावर तोटा. उत्प्रेरक कितीही चांगला असला तरी १.२३ व्होल्टच्या खाली नेऊ शकत नाही, आणि वायू पुन्हा जाळून तितकीही ऊर्जा परत मिळत नाही. यात पैसे घालू नका.

१४. शाळेत हा प्रयोग सुरक्षितपणे कसा दाखवावा?

९ व्होल्टची बॅटरी, दोन पेन्सिलींची शिसं आणि पाण्यात थोडा धुण्याचा सोडा. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. स्टीलचे चमचेही नकोत. धनाग्रावर स्टीलमधलं क्रोमिअम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो. खिडक्या उघड्या ठेवा.

१५. महाराष्ट्रात यावर कुठे काम चालतं?

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, मुंबईत आयआयटी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) स्वतःचा अल्कली इलेक्ट्रोलायझर विकसित केला आहे. माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था तांबे-क्लोरीन चक्रावर काम करते. त्यात विजेबरोबर उष्णतेचाही वापर होतो. ग्राहकही जवळ आहे. अलिबागजवळच्या थळ इथला खत कारखाना अमोनियासाठी हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवतो.

१६. 'प्लॅटिनमपेक्षा सरस स्वस्त उत्प्रेरक' अशा बातम्या सतत येतात. त्या कशा वाचाव्यात?

तीन आकडे शोधा: प्रवाह, तास, व्होल्टेज. प्रयोगशाळेत तुलनेसाठी चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर हा आकडा रूढ आहे. कारखाना त्याच्या वीस ते दोनशे पट प्रवाहावर चालतो. तास शंभरच्या आत असतील तर टिकाऊपणाबद्दल अजून काही कळलेलं नाही. आणि व्होल्टेज पूर्ण घटाचं आहे की एकाच इलेक्ट्रोडचं, हे तपासा. द्रावण आम्ल की अल्कली, हेही बघा, कारण अल्कलीत इरिडियमला हरवणं आता नवं राहिलेलं नाही (प्रश्न ७).

१७. माझ्या एम.एस्सी. प्रकल्पात स्वस्त उत्प्रेरकाचे आकडे प्लॅटिनमइतके चांगले येत आहेत. प्रबंधात लिहू का?

आधी समोरचा दुसरा इलेक्ट्रोड कशाचा आहे ते बघा. प्लॅटिनमची तार असेल तर ती सूक्ष्म प्रमाणात विरघळते आणि तुमच्या ऋणाग्रावर येऊन बसते. दिवसागणिक आकडे सुधारत असतील तर संशय पक्का. ग्रॅफाईट वापरून प्रयोग पुन्हा करा.

निकेल फोमवर काम करत असाल तर नुसत्या फोमचे आकडे शेजारी द्या. तोही बरंच काम करतो. निकेलचं स्वतःचं ऑक्सिडीकरण आलेखावर ऑक्सिजनच्या आधी उंचवटा देतं, तो प्रवाह ऑक्सिजनचा म्हणून मोजू नका. फॉस्फाईड आणि सल्फाईड धनाग्रावर चालवलं तर पृष्ठभाग ऑक्साईड होऊन जातो, म्हणून प्रयोगानंतरही नमुना तपासा. कार्बनवर चढवलेला उत्प्रेरक असेल तर निघणारा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजा. कदाचित कार्बनच जळत असेल. एवढं करूनही आकडे टिकले तर अभिमानाने लिहा.

१८. उत्प्रेरक स्वस्त, पाणी शुद्ध, पण वीज महावितरणची. हा हायड्रोजन हरित होईल का?

नाही. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड सुटतो. एक किलो हायड्रोजनच्या ५२ युनिटांचे झाले ३६ किलो. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलोच सुटतो. भारताच्या ऑगस्ट २०२३ च्या व्याख्येनुसार हरित म्हणवायला मर्यादा २ किलोची आहे. त्यामुळे वीज अपारंपरिक स्रोतातून आलेली हवी.

१९. दुपारी सौर वीज जवळजवळ फुकट मिळत असेल तर उत्प्रेरक सुमार असला तरी चालेल ना?

हा प्रश्न विचार करून आलेला आहे. वीज फुकट असेल तर व्होल्टेजचं महत्त्व खरंच कमी होतं. पण संच दिवसातले सहा तासच चालला तर त्याची किंमत थोड्याच किलोंवर वाटली जाते आणि भांडवलाचा भार वाढतो. मग महत्त्व येतं तेवढ्याच क्षेत्रफळावर जास्त प्रवाह पेलणाऱ्या उत्प्रेरकाला.

आणखी एक अडचण संच बंद करतानाची. अल्कली संचात घट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि द्रावणाच्या नळ्यांतून त्यांचा एकमेकांशी संबंध असतो. वीज गेली की धनाग्रावर साठलेला भार त्याच वाटेने उलटा वाहतो. त्याने ऋणाग्राचं निकेल ऑक्सिडीकृत होतं. रोज संध्याकाळी असं झालं तर रॅनी निकेलसारखा नाजूक सच्छिद्र थर झिजत जातो. चोवीस तास धरणाच्या विजेवर चाललेल्या जुन्या संचांना हा त्रास फारसा नव्हता. त्यामुळे सौर विजेवरच्या संचात बंद काळातही थोडा संरक्षक प्रवाह चालू ठेवतात, किंवा उलट्या प्रवाहात टिकणारा थर निवडतात. संच विकणाऱ्याला विचारा की चालू-बंदच्या किती आवर्तनांची चाचणी झाली आहे, आणि उत्तर लेखी घ्या.